क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि पगारावरची जप्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुका विधी सेवा समितीचा विधी स्वयंसेवक म्हणून मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयाच्या आवारात बसतो. जिल्हा परिषदेचे शिक्षक, एसटीचे वाहक, महावितरणचे कर्मचारी, जिनिंगमधले कामगार, वणीकडच्या कोळसा खाणींतले कर्मचारी असे अनेक जण क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचे कागद घेऊन येतात. बहुतेक जण फार उशिरा येतात, आणि त्याचेच मला सर्वाधिक वाईट वाटते. पुढील उत्तरे त्यांच्या प्रश्नांवरूनच लिहिली आहेत.

वसुलीवाला फोनवर म्हणतो, "पुढच्या महिन्यापासून तुमचा पगार बंद करतो." बँकेला असे करता येते का?

नाही. क्रेडिट कार्डाचे कर्ज विनातारण असते, आणि ते थकले म्हणून बँकेला किंवा तिच्या वसुली प्रतिनिधीला तुमच्या कार्यालयाला पत्र देऊन पगार थांबवता येत नाही. बँकेने आधी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, त्यात तुमच्याविरुद्ध पैशाचा हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा न्यायालयाचा निर्णय, मिळवावा लागतो, तो अमलात आणण्यासाठी दरखास्त दाखल करावी लागते, आणि त्या दरखास्तीत न्यायालयाने पगारजप्तीचा आदेश काढून तो पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवल्यानंतरच कपात सुरू होते. दाव्याऐवजी लवादाच्या, म्हणजे न्यायालयाबाहेर नेमलेल्या पंचाच्या, मार्गाने निवाडा मिळवला असेल, तरी त्याची अंमलबजावणी न्यायालयातूनच होते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. ज्या बँकेचे कार्ड आहे त्याच बँकेत तुमचे पगाराचे खाते असेल, तर करारातील अटींच्या आधारे बँक त्या खात्यातील रक्कम अडवून ठेवू शकते किंवा थकबाकीत वळती करू शकते. तिला कायद्याच्या भाषेत जप्ती म्हणत नाहीत, पण घरात किराणा भरायला पैसे नसलेल्या माणसाला तो फरक सांगून उपयोग नाही. थकबाकी वाढू लागली असेल, तर पगाराचे खाते दुसऱ्या बँकेत नेण्याचा अर्ज वेळेत करावा. त्यात बेकायदेशीर काहीही नाही.

मग पतसंस्थेचा हप्ता कोर्टाशिवाय कसा कापला जातो?

कारण त्याला तुम्ही स्वतः लेखी संमती दिलेली असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार सभासदाने तसा करार करून दिला असेल, तर संस्थेच्या मागणीवरून मालकाने पगारातून हप्ता कापून संस्थेकडे भरायचा असतो. क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकेला हे कलम लागू होत नाही.

माझे किसान क्रेडिट कार्डही थकले आहे. दोन्ही एकच समजायचे का?

अजिबात नाही. या एका गैरसमजाने आमच्या भागात किती नुकसान केले आहे, हे मी रोज पाहतो. १९९८ साली सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड म्हणजे पीककर्जाचे खाते आहे. त्याचे व्याज, त्याची मुदत, सातबारावरचा बोजा आणि कर्जमाफीची पात्रता हे सगळे पीककर्जाच्या नियमांनी ठरते. दुकानात स्वाइप करायचे किंवा मोबाइलवरून वापरायचे क्रेडिट कार्ड हे वैयक्तिक खर्चाचे कर्ज आहे. जून महिन्यात कृषी सेवा केंद्रात त्याच कार्डाने सोयाबीनचे बियाणे आणि खत घेतले, तरी ते पीककर्ज होत नाही. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना या दोन्ही शेतीकर्जासाठी होत्या. क्रेडिट कार्डाची थकबाकी त्यांत बसत नव्हती. "माफी येईल तेव्हा पाहू" असे म्हणून या कार्डाचे बिल बाजूला ठेवणाऱ्यांवर त्या काळात व्याज चढत जाते आणि शेवटी न्यायालयाचे समन्स येते.

जप्तीचा आदेश आलाच, तर पगारातून किती रक्कम कापली जाऊ शकते?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये याची मर्यादा ठरवून दिली आहे. पोटगीखेरीज इतर कोणत्याही हुकूमनाम्यासाठी पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्तीपासून मुक्त असतात. म्हणजे एक हजार वजा केल्यावर जे उरते, त्याचा फक्त तिसरा हिस्सा जप्त होऊ शकतो.

उदाहरण पाहा. शिक्षकाचा पगार ४३,००० रुपये असेल, तर एक हजार वजा जाता ४२,००० उरतात. त्यांपैकी २८,००० सुरक्षित राहतात आणि महिन्याला जास्तीत जास्त १४,००० रुपये कापता येतात. पगार २५,००० असेल तर ही मर्यादा ८,००० रुपये आणि १६,००० असेल तर ५,००० रुपये होते.

येथे एक अडचण अशी आहे की पगार म्हणजे हातात पडणारी रक्कम नव्हे, तर महिन्याचे एकूण वेतन धरले जाते. शासनाने अधिसूचनेने मुक्त केलेले भत्ते तेवढे त्यातून वगळले जातात. वरच्या उदाहरणातील शिक्षकाने पतसंस्थेचे कर्ज काढलेले असेल आणि त्याचा १५,००० रुपये हप्ता आधीच जात असेल, तर जप्तीनंतर त्याच्या हातात १४,००० रुपयेसुद्धा क्वचितच पडतील, कारण भविष्य निर्वाह निधी आणि विम्याची कपातही त्याच पगारातून होते. अशा वेळी पगारपत्रक घेऊन न्यायालयापुढे उभे राहावे आणि कपातीची रक्कम कमी ठेवण्याची विनंती करावी. तिसरा हिस्सा ही कपातीची कमाल मर्यादा आहे, तेवढी रक्कम कापलीच पाहिजे असे कायदा म्हणत नाही.

ही कपात किती वर्षे चालते?

एकाच हुकूमनाम्यापोटी पगाराची जप्ती सलग किंवा खंडित मिळून एकूण चोवीस महिने झाली, की त्या हुकूमनाम्यासाठी तुमचा पगार कायमचा मुक्त होतो. हुकूमनामा वेगळा असेल, तर चोवीस महिन्यांच्या कपातीनंतर पुढील बारा महिने पगाराला हात लावता येत नाही. ही तरतूद फार थोड्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असते आणि पगारपत्रक तयार करणाऱ्या लिपिकालाही ती प्रत्येक वेळी लक्षात राहत नाही. म्हणून पहिली कपात झालेल्या महिन्यापासून प्रत्येक पगारपावती जपून ठेवावी आणि चोवीस महिने पूर्ण होताच दरखास्त चालू असलेल्या न्यायालयात अर्ज द्यावा. कपात आपोआप थांबेल, अशा भरवशावर राहू नये.

मात्र पगार मुक्त झाला म्हणजे कर्ज फिटले असे नाही. उरलेल्या रकमेसाठी बँक इतर मालमत्तेकडे वळू शकते, आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागण्याची मुदत बारा वर्षांची आहे.

मी जिनिंगमध्ये मजुरी करतो. माझी मजुरी जप्त होते का?

मजुरांची आणि घरकामगारांची मजुरी, ती रोख मिळो वा वस्तुरूपाने, कलम ६० नुसार पूर्णपणे मुक्त आहे. मजूर या शब्दात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे तिन्ही प्रकारचे कामगार येतात आणि मजुरीत बोनसही धरला जातो, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिले आहे. त्यामुळे कापसाच्या गाठी बांधणारा, संत्र्याच्या बागेत तोडणी करणारा किंवा एमआयडीसीतील कारखान्यात यंत्रावर उभा राहणारा कामगार न्यायालयात हा मुद्दा मांडू शकतो, आणि त्याने तो मांडलाच पाहिजे. कारकुनी किंवा देखरेखीचे काम असेल तर मात्र तो पगार ठरण्याची शक्यता मोठी असते. हजेरीपत्रक, मजुरीची पावती आणि तुम्ही प्रत्यक्ष काय काम करता याचा मालकाचा दाखला, हे पुरावे अशा वेळी उपयोगी पडतात.

निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि भविष्य निर्वाह निधीचे काय?

हे तिन्ही जप्तीपासून मुक्त आहेत. आयुर्विम्याची रक्कमही मुक्त आहे. निवृत्तीनंतर मिळालेली उपदानाची रक्कम मुदत ठेवीत ठेवली, तरी तिचे हे संरक्षण संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका बँकेच्या वसुली प्रकरणात म्हटले आहे. कार्ड घेताना "मी या सवलती सोडून देतो" अशा अटीवर सही करून दिली असेल, तर तिची भीती बाळगू नये. तसा करार कलम ६० च्या पोटकलमानुसारच निरर्थक ठरतो.

घरी आलेला कागद खरा आहे की धमकीचा, हे कसे ओळखावे?

तीन प्रकारचे कागद येतात. पहिला म्हणजे वकिलाची नोटीस. ती वकिलाच्या नावाच्या कागदावर असते, टपालाने किंवा व्हॉट्सॲपवर येते, आणि ती आली म्हणजे न्यायालयात काही दाखल झाले आहे असे होत नाही. दुसरा म्हणजे दाखलपूर्व लोकअदालतीची सूचना. तीवर विधी सेवा प्राधिकरणाचे नाव असल्यामुळे लोक घाबरतात, परंतु ती तडजोडीसाठी दिलेली संधी असते. तेथे न गेल्यामुळे कोणाचा पगार कापला जात नाही. तिसरा म्हणजे न्यायालयाचे समन्स, आणि खरी घाई याच कागदाची असते. त्यावर न्यायालयाचा शिक्का, दाव्याचा क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख असते, ते बेलिफ (न्यायालयाचा कर्मचारी) आणून देतो किंवा टपालाने येते, आणि सोबत दाव्याची प्रत असते.

अलीकडे मोबाइलवर "जप्ती वॉरंट" किंवा "अटक वॉरंट" म्हणून शिक्के मारलेले कागद पाठवले जातात. त्यावर प्रकरणाचा क्रमांक असेल, तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तो टाकून पाहावा. न्यायालयाच्या आवारातील कोणताही वकील किंवा स्वयंसेवक हे दोन मिनिटांत करून देईल. क्रमांकच नसेल, तर तो कागद धमकीसाठी पाठवला आहे असे समजण्यास हरकत नाही. असा कागद दाखवून कोणी तातडीने पैसे पाठवायला लावले असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

समन्स आले. पैसे तर देणे लागतोच, मग न्यायालयात जाऊन काय उपयोग?

मला सर्वांत कळकळीने उत्तर द्यावेसे वाटते ते याच प्रश्नाला. "चूक आपलीच आहे, कोणत्या तोंडाने जायचे" या संकोचाने माणसे घरी बसतात. वास्तविक हप्त्यांची मोठी संधी हुकूमनाम्याच्या आधीच असते. पैशाचा हुकूमनामा करताना न्यायालय योग्य कारण दिसल्यास रक्कम हप्त्यांनी फेडण्याचा आदेश देऊ शकते. एकदा हुकूमनामा झाल्यानंतर तसे हप्ते मिळण्यास बँकेची संमती लागते. म्हणजे जो माणूस हजर होऊन आपली पगारपत्रके, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, नापिकीचे वर्ष आणि घरातले आजारपण न्यायाधीशांपुढे ठेवतो, त्याच्यासाठी असलेला मार्ग घरी बसणाऱ्याने स्वतःच बंद केलेला असतो.

साध्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते, आणि न्यायालय कारणे नोंदवून ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. दावा संहितेच्या आदेश ३७ खालचा, म्हणजे संक्षिप्त स्वरूपाचा असेल, तर हजर झाल्याची नोंद दहा दिवसांतच करावी लागते आणि त्यानंतर बचाव करण्याची परवानगी वेगळी मागावी लागते. म्हणून समन्स हातात पडताच त्यावर "आदेश ३७" असा उल्लेख आहे का, हे पहिल्यांदा पाहावे.

कैफियतीत खोटे काही लिहायचे नसते. हिशेब मागायचा असतो. मूळ खर्च किती, व्याज किती, विलंब आकार किती, न मागता माथी मारलेला विमा किती, तुम्ही भरलेले पैसे कोठे जमा केले, हे बँकेने महिनावार विवरणपत्रांनी सिद्ध करायला हवे. व्याजाचाही मुद्दा मांडावा. हुकूमनाम्यानंतरच्या काळासाठी मुद्दलावर न्यायालय साधारणपणे वर्षाला सहा टक्क्यांपर्यंतच व्याज देते. कराराचा जास्त दर देण्याची मोकळीक कर्जदाराच्या उद्योग-व्यापाराशी संबंधित व्यवहारापुरती आहे. घरखर्चासाठी कार्ड वापरणाऱ्या शिक्षकाला ही तरतूद मोठा आधार देते.

मला दाव्याची कल्पनाच नव्हती. एकदम पगारातून कपात झाली. आता काय?

माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत हेच घडले. तो एका अनुदानित शाळेत लिपिक होता. कार्ड घेताना त्याने अमरावतीच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता दिला होता. पुढे तो गावी राहायला आला आणि पत्ता बदलून घ्यायचे राहून गेले. समन्स त्या जुन्या पत्त्यावर फिरत राहिले, हुकूमनामा एकतर्फी झाला, आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर जप्तीचा आदेश आला तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळले. शरमेने तो दीड महिना कोणाशीही बोलला नाही. मी या कामात त्यानंतर पडलो.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली अर्ज करता येतो. मुदत तीस दिवसांची असते. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल, तर हे तीस दिवस तुम्हाला हुकूमनाम्याची माहिती मिळाल्यापासून मोजले जातात. उशीर झाला असल्यास विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा आणि कारण खरे व तारीखवार लिहावे. त्याच वेळी दरखास्तीला स्थगिती मागावी. आधी दरखास्तीचा क्रमांक पगार काढणाऱ्या कार्यालयाकडून घ्यावा, मग न्यायालयात नकलेचा अर्ज करून हुकूमनामा व समन्सचा बजावणी अहवाल काढावा. समन्स तुमच्यापर्यंत पोहोचले होते की नाही, हे बेलिफाच्या शेऱ्यावरूनच बहुधा ठरते.

मुंबई-चेन्नईच्या लवादाचा निवाडा आला आहे. तो खरा मानायचा का?

करारात लवादाची अट असेल, तर तो मार्ग कायदेशीर आहे आणि निवाडा हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो. मात्र ज्या पक्षाचा निकालात हितसंबंध आहे, त्याने एकट्याने लवाद नेमणे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निर्णयात अमान्य केले आहे, आणि विनातारण कर्जाच्या प्रकरणांत हा मुद्दा अनेकदा उपस्थित करता येतो. निवाड्याला आव्हान देण्याची मुदत तो हाती पडल्यापासून तीन महिने, आणि पुरेसे कारण असल्यास त्यापुढे फक्त तीस दिवस आहे. लवादाच्या नोटिशीला लेखी उत्तर देऊन हरकत नोंदवून ठेवणे केव्हाही चांगले.

मुख्याध्यापक किंवा गटशिक्षणाधिकारी विनंती केल्यास कपात थांबवू शकतात का?

नाही, आणि त्यांच्याकडे तसा आग्रहही धरू नये. न्यायालयाचा आदेश मिळाल्यानंतर आहरण व संवितरण अधिकाऱ्याने, म्हणजे पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याने, पूर्ण पगार तुम्हाला दिला, तर तेवढ्या रकमेची जबाबदारी त्याच्यावर येते. शासकीय, रेल्वे आणि स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी आदेश २१ नियम ४८ आणि खासगी नोकरांसाठी ४८-अ अशी ही तरतूद आहे. त्यांच्याकडे दोन गोष्टी अवश्य मागाव्यात: आदेशाची प्रत आणि कपातीचा हिशेब. तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापले जात असेल, तर ते त्यांच्या नजरेस लेखी आणून द्यावे.

पगाराचा जप्तीयोग्य हिस्सा आधीच एका न्यायालयाच्या आदेशाने जात असताना दुसऱ्या बँकेचा आदेश आला, तर त्या अधिकाऱ्याने तो चालू जप्तीच्या तपशिलासह परत पाठवायचा असतो. दोन बँका मिळून दोन तृतीयांश पगार कापू शकत नाहीत.

यामुळे नोकरी जाईल का?

फक्त थकबाकीमुळे नोकरी जात नाही. शासकीय आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत मात्र सतत कर्जबाजारी न राहण्याची अपेक्षा आहे. त्यामुळे जप्तीचा आदेश येण्याआधीच कार्यालयाला वस्तुस्थिती लेखी कळवणे हिताचे ठरते.

पोलीस पकडून नेतील का?

कार्डाचे बिल न भरणे हा गुन्हा नाही, ती दिवाणी थकबाकी आहे. मात्र तडजोडीच्या वेळी पुढच्या तारखांचे धनादेश लिहून दिले आणि ते वटले नाहीत, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता रक्कम नसल्यामुळे परत गेला, तरी तशीच तक्रार शक्य असते. आमच्याकडे फौजदारी समन्स घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी वसुलीवाल्याच्या दबावाखाली धनादेश दिलेले असतात. खात्यात पैसे येण्याची खात्री नसेल, तर धनादेश कधीही देऊ नये. नोटीस आली असल्यास ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत धनादेशाची रक्कम भरली, तर तक्रारीचे कारण उरत नाही.

हुकूमनाम्यानंतर दिवाणी कैदेची तरतूद आहे, पण ऐपत असूनही जो मुद्दाम पैसे देत नाही त्याच्यासाठी. गरिबीमुळे देता न येणाऱ्याला कैदेत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही.

वसुलीची माणसे गावात येतात, शेजाऱ्यांना आणि शाळेत सांगतात. हे चालते का?

चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, आणि कर्जदाराचा किंवा त्याच्या नातेवाइकांचा चारचौघांत अपमान करणे, धमकावणे यालाही मनाई आहे. गावात अब्रूच मोठी असते, हे ही माणसे ओळखून असतात. तारीख, वेळ आणि फोन क्रमांक वहीत नोंदवा, बँकेकडे लेखी तक्रार करा, आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करा. त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. शारीरिक धाकदपटशा झाला, तर सरळ पोलीस ठाण्यात जावे.

चाळीस हजारांचा खर्च होता. दर महिन्याला काहीतरी भरतही होतो. मग कर्ज कमी का होत नाही?

कारण तुम्ही बिलावरची "किमान देय रक्कम" भरत होता. कार्डाच्या थकलेल्या रकमेवर अनेक बँका दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ टक्के व्याज लावतात. ४०,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज १,४०० रुपये आणि त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर २५२ रुपये, असे १,६५२ रुपये होतात. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे २,००० रुपये भरली, तर मुद्दल साडेतीनशे रुपयांनीही कमी होत नाही. त्यात नवी खरेदी केली, तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. कार्डाचे व्याज तीस टक्क्यांच्या वर नसावे असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश होता, परंतु डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या आदेशाचा आधार आता घेता येत नाही.

तडजोड करताना कशाची काळजी घ्यावी?

तोंडी तडजोडीवर एक रुपयाही भरू नये. किती रक्कम, किती हप्ते, शेवटची तारीख आणि त्यानंतर संपूर्ण खाते बंद होईल, हे बँकेच्या अधिकृत पत्रावर घ्यावे. पैसे प्रतिनिधीच्या वैयक्तिक खात्यात किंवा हातात न देता कार्डाच्या खात्यातच भरावेत, आणि शेवटी थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. कमी रकमेत मिटवल्यास सिबिलच्या नोंदीत तसा शेरा येतो आणि पुढे घरकर्ज घेताना तो आड येऊ शकतो.

हुकूमनामा झाल्यानंतर न्यायालयाबाहेर पैसे भरले असतील, तर त्याची नोंद न्यायालयात करून घ्यावी. त्यासाठी तुमच्या अर्जाची मुदत फक्त तीस दिवस आहे. नोंद नसलेले पैसे अंमलबजावणी करणारे न्यायालय विचारात घेत नाही, आणि एकाच कर्जासाठी दोनदा पैसे भरलेली माणसे मी पाहिली आहेत.

लोकअदालतीत चांगली सूट मिळू शकते, परंतु तेथील निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. हप्ता ठरवताना कापूस-सोयाबीन विकून पैसे केव्हा येतील आणि केव्हा येणार नाहीत, याचा प्रामाणिक हिशेब करूनच आकडा सांगावा. हप्ता चुकला, तर बँक थेट दरखास्त दाखल करू शकते.

कर्ज चार वर्षांपूर्वीचे आहे. आता दावा लागू शकतो का?

अशा दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. मुदत संपण्याआधी तुम्ही लेखी कबुली दिली असेल किंवा तुमच्या सहीच्या नोंदीसह काही रक्कम भरली असेल, तर मुदत तेव्हापासून पुन्हा सुरू होते. मुदत संपल्यावर दिलेले लेखी वचनसुद्धा तुम्हाला बांधू शकते. म्हणून "पाचशे रुपये टाका आणि एक मेसेज करा" असे कोणी म्हटले, तर आधी तारखा वकिलाला दाखवा.

सावकाराकडून घेऊन कार्ड फेडून टाकावे का?

माझा सल्ला ठाम नकाराचा आहे. कार्डाच्या वसुलीला कलम ६० ची मर्यादा आहे आणि पगाराचे दोन हिस्से कायदा तुमच्यासाठी राखून ठेवतो. अवैध सावकाराच्या वसुलीला कसलीही मर्यादा नसते, आणि शेवटी शेतच लिहून द्यावे लागते. असा कोणी जमिनीचे कागद अडकवून बसला असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकारी संस्थांच्या तालुक्यातील सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते.

घर, शेती, बैल जप्त होतात का? आणि कार्डधारक वारला तर?

जो स्वतः शेती कसतो आणि मुख्यतः तिच्यावर जगतो, त्याचे राहते घर, शेतीची अवजारे, उपजीविकेसाठी आवश्यक ती जनावरे आणि बियाणे मुक्त असतात. शेतजमिनीला मात्र तसे सरसकट संरक्षण नाही. न्यायालयाच्या आदेशाने तिच्यावर जप्ती येऊ शकते. कार्डधारकाच्या मृत्यूनंतर वारसांची जबाबदारी त्यांच्या हाती आलेल्या वारशाच्या मालमत्तेपुरतीच असते. मुलाच्या किंवा विधवेच्या स्वतःच्या पगाराला त्यासाठी हात लावता येत नाही, आणि "वारस म्हणून सही करा" असे सांगत आलेल्या माणसाला कोणतीही सही देऊ नये.

वकिलाची फी परवडत नाही. कोठे जावे?

प्रत्येक तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांच्या आत असल्यास मिळतो. फोनवर १५१०० या क्रमांकावरही विचारणा करता येते.

येताना समन्स किंवा आदेश, त्याचा लिफाफा, कार्डाची मिळतील तितकी विवरणपत्रे, गेल्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या, पतसंस्थेच्या हप्त्याचा दाखला आणि आधार कार्ड आणावे. लिफाफा टाकून देऊ नये, कारण त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून मुदत मोजली जाते. तारीख दुसऱ्याच दिवशीची असेल आणि कागद जमले नसतील, तरी तसेच यावे; पहिल्या दिवशी हजेरी लागली आणि मुदतीचा अर्ज दिला, की कागद गोळा करायला वेळ मिळतो.